जुन्या फोक्सवॅगन व्हॅनला चढायची पायरी: बॉडीला वेल्डिंग न करता कशी बसवावी?

माहीमकर_७१

गाडी १९७१ ची फोक्सवॅगन टाइप २, उजव्या हाताचं स्टिअरिंग, सरकता दरवाजा डावीकडे, फुटपाथच्या बाजूला. टायर १८५ आर १४. गाडी रिकामी असताना सरकत्या दरवाजाच्या चौकटीची खालची कड सपाट रस्त्यापासून ४२ सेंमी भरते. घरातली दोन माणसं पंचाहत्तरीच्या पुढची, त्यातल्या एकाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. पुढच्या दोन सीटचा प्रश्न नाही, कारण या सालात पुढच्या बंपरची टोकं वळून दरवाजाखाली येतात आणि त्यावर पाय ठेवता येतो. अडचण मधल्या दरवाजाची आहे.

कुर्ल्याच्या एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, सिलच्या (दरवाजाखालच्या पत्र्याच्या लांब कडेच्या) खाली दीड इंची पाइप वेल्ड करू, वर चेकर प्लेट (उंचवट्यांचा न घसरणारा पत्रा) टाकू, अर्ध्या दिवसाचं काम. मला ते पटत नाही, कारण पुढे गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. तर विचारायचंय असं:
- वजन नेमकं कुठे टेकवायचं?
- पायरी कायमची, घडीची की सुटी?
- पावसात आणि खाऱ्या हवेत काय टिकतं?

गाडी महिन्यातून दोन-तीनदाच बाहेर निघते. सोसायटीच्या गेटवर एक आणि गल्लीत दोन गतिरोधक आहेत, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

नटबोल्ट

गॅरेजवाल्याला हात जोडून नाही म्हणा. ज्याला तो सिल म्हणतोय तो एकच जाड तुकडा नाही. बाहेरचा, मधला, आतला असे पातळ पत्र्याचे थर आहेत आणि मध्ये पोकळी. जाडी साधारण एक मिमीच्या आसपास, आणि ५० वर्षांत गंजून जे उरलं असेल ते. त्यावर बाहेरून पाइप वेल्ड केला की तीन गोष्टी होतात. वेल्डच्या कडेचा पत्रा जळून कडक होतो आणि पुढे तिथेच तडा जातो. आतल्या बाजूचा रंग आणि मेण जळतं, तिथे हात पोचत नाही, म्हणजे गंज आतून सुरू. आणि पाणी निघायची भोकं बुजतात. दोन पावसाळ्यांनी पायरी जागेवर असते, सिल नसतं.

या गाडीला खालून बघितलं तर दोन लांब चॅसी रेल, त्यांना जोडणारे आडवे मेंबर, आणि रेलपासून बाहेर सिलपर्यंत येणारे आउटरिगर दिसतील. वजन टेकवायचं ते आउटरिगर आणि रेल यांच्यावर. वरची फरशी पातळ, तिच्याखाली टोपीसारख्या आकाराच्या आडव्या पट्ट्या आहेत, त्या फक्त फरशी वाकू नये म्हणून. त्यांना बोल्ट मारून पायरी लटकवणारे लोक असतात. थोड्याच दिवसांत फरशीला खालच्या बाजूने पोक येतो.

आणखी एक. सरकत्या दरवाजाच्या चौकटीत जी आतली खोलगट पायरी आहे, तिच्यातच दरवाजाच्या खालच्या रोलरची वाट आहे. तिथून आरपार बोल्ट घातलात तर रोलरचा हात बोल्टच्या डोक्यावर आपटतो. दरवाजा अर्ध्यात अडकला की समजा तेच झालं.

फणसपोळी

चौरंग ठेवा म्हणणारा कोणीतरी येणारच होता, तो मी. गंमत नाही, गांभीर्याने सांगतोय. महिन्यातून दोन-तीनदा गाडी निघते, तर सुटी पायरी हेच पहिलं उत्तर. अॅल्युमिनियमची घडीची, चार पायांची, वरचा पाट किमान ४० बाय ३० सेंमी, उंची २० ते २२, पायांना रबराचे बूट. स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा स्टूल मात्र नको. ओल्या पेव्हर ब्लॉकवर त्याचे पाय फाकतात आणि कडेवर वजन पडलं की तो पलटतो.

सुट्या पायरीचे दोष दोन. रस्ता उतरता असेल तर ती डगमगते, आणि सगळे आत बसल्यावर ती रस्त्यावरच राहते. दुसऱ्यावर उपाय सोपा: दीड मीटर नायलॉनची पट्टी, एक टोक पायरीला, दुसरं सीटच्या पायाला. दरवाजा बंद करताना पट्टी आडवी येते, आठवण होतेच.

आरटीओ_वारी

नोंदणीचा मुद्दा आधी मिटवा, मग लोखंड आणा.

जुलै २०२१ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार व्हिंटेज वाहन म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत १० वर्षं. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. ही नोंदणी घेतल्यावर गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे घरच्यांना घेऊन नुसतं फिरायला जायचं असेल तर आधी ठरवा की ही नोंदणी हवी आहे का.

दुसरं, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. नोंदणीत लिहिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. बोल्टवर बसणारी, पान्याने उतरवता येणारी पायरी आणि सिलला वेल्ड केलेला पाइप यांत तपासणाऱ्याच्या नजरेतून जमीन-अस्मानाचा फरक. सिल हा बॉडी शेलचाच भाग. तपासणीला जाताना पायरी घरी ठेवून जायची सोय असली पाहिजे, आणि ती काढल्यावर खाली एकही नवं भोक दिसता कामा नये.

नटबोल्ट

+१. म्हणजे भोक न पाडता, पकडीवर. होतं ते.

मशीनशॉप_ठाणे

पकडीवर करायचं तर आकडे बघूनच करा. ‘मजबूत वाटतंय’ यावर जाऊ नका.

माणूस १०० किलोचा धरा. तो पायरीवर हळूच उभा राहत नाही, धपकन वजन टाकतो, म्हणून दुप्पट धरायचं. २०० किलो म्हणजे साधारण २००० न्यूटन, तेही पायरीच्या बाहेरच्या कडेवर. पकडीपासून ती कड २५ सेंमी बाहेर असेल तर मुळाशी वाकवणारा जोर ५०० न्यूटन-मीटर. पायरी धरणारे दोन हात (बाहेर आलेले आधार) असतील तर प्रत्येकी २५०, पण माणूस एका टोकावर उभा राहिला तर जवळपास सगळा एकाच हातावर, हे विसरू नका.

आता तोच २५० चा जोर वेगवेगळ्या मापांवर:

५० बाय ८ ची पट्टी उभी लावली तर ताण ७५ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक). तीच पट्टी आडवी लावली तर ४७० च्या आसपास. साध्या माइल्ड स्टीलची पट्टी २५० ला कायमची वाकते. म्हणजे उभी पट्टी आयुष्यभर चालेल, आडवी पहिल्याच दिवशी खाली झुकेल. माल तोच, पैसे तेवढेच.

२५ बाय २५ बाय २ चा चौकोनी पाइप: १९० मेगापास्कल. नुसत्या डोळ्यांना पुरेसा वाटतो, पण माणूस टोकावर उभा राहिला की गेला. ४० बाय ४० बाय २.६ चा: ५५. एका हातावर दुप्पट आलं तरी ११०. हाच घ्या.

बोल्टची काळजी करू नका. बोल्टच्या जोडीत उभं अंतर ६० मिमी असलं तर वरच्या बोल्टवर ओढ सव्वाचार हजार न्यूटनची. ८.८ ग्रेडचा एम१० (१० मिमी जाडीचा) बोल्ट याच्या आठपट सहज झेलतो. बोल्ट तुटत नाही, बोल्टखालचा पत्रा फाटतो किंवा चेपतो. सगळी अक्कल तिथे खर्च करायची.

कडक_चहा

मग दोन आउटरिगरच्या मध्ये एक आडवा वाहक टाकायचा आणि हात त्यावर बसवायचे, बरोबर? त्यासाठी ५० बाय ५० चा अँगल चालेल का? घरात पडून आहे.

मशीनशॉप_ठाणे

नाही चालणार. वाहकावर वाकण्यापेक्षा पीळ जास्त पडतो, कारण हात एका बाजूला बाहेर आलेले आहेत. अँगल, चॅनेल, पट्टी असे उघडे आकार पिळाला फार कच्चे. तोच ५०० चा पीळ ५० बाय ५० बाय ५ च्या अँगलवर टाकलात तर ताण ६०० पर्यंत जातो. ५० बाय ५० बाय ३ च्या बंद चौकोनी पाइपवर तो ३८ राहतो. अँगलवर पायरी तुटणार नाही कदाचित, पण पाय ठेवला की कड चार बोटं खाली जाईल, आणि म्हातारं माणूस दुसऱ्यांदा तिच्यावर पाय ठेवणार नाही. अँगल मांडणीला वापरा.

नटबोल्ट

पकडीबद्दल. आउटरिगर पोकळ आहे, त्याला यू-बोल्ट घालून कचकचून आवळलं की तो चेपतो. म्हणून वर आणि खाली १०० मिमी रुंद, ६ मिमी जाड प्लेटा, आणि प्लेटांच्या कडा आउटरिगरच्या उभ्या भिंतींवर टेकतील अशी मापं. एम१० चा नेहमीचा टॉर्क ४५ न्यूटन-मीटर. इथे २५ वर थांबा आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न होणारा) नट घाला. पहिल्या पंधरवड्यात एकदा आणि नंतर दर पावसाळ्याच्या आधी टॉर्क पान्याने तपासा.

प्लेट आणि आउटरिगर यांच्यात रबर घालू नका. रंग खरवडू नये म्हणून हमखास सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला जातो. रबर दबत जातं, पकड ढिली होते, आणि त्याच्याखाली पाणी धरून राहतं. त्याऐवजी आधी आउटरिगर साफ करून एपॉक्सी प्रायमर, वर रंग, पूर्ण वाळल्यावर मेणाचा पातळ हात, मग प्लेट.

हे सगळं करायच्या आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आउटरिगर आणि जॅक लावायच्या जागा ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला, किंवा टोक रुतलं, तर पायरी राहू द्या, आधी पत्र्याचं काम. जॅकच्या चौकोनी नळीत खुंटी घालून बसवायच्या तयार पायऱ्याही बाहेरदेशी मिळतात. कल्पना छान आहे, भोक पाडावं लागत नाही, पण ती नळीच या गाड्यांत सगळ्यात आधी गंजते. आणि पायरीने ती अडवली की पंक्चर झाल्यावर आधी पायरी काढा मग जॅक लावा, असा दुहेरी व्याप.

मधल्या भागात ब्रेकचा पाइप, क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबल, गिअरचा रॉड जातात. वाहक तिथपर्यंत न्यायचा नाही. रेलच्या बाहेरच सगळं आटपा.

गल्लीतला_गतिरोधक

उंचीचं गणित कुणी काढलेलं दिसत नाही.

४२ ची बरोबर अर्धी उंची २१. पायरीचा वरचा पाट २१ सेंमीवर ठेवला आणि जाडी ४ सेंमी धरली, तर खाली मोकळी जागा १७. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलाकार असायला हवा. त्यावरून ही गाडी पायरीसकट आरामात जाईल. पण गल्लीबोळातले गतिरोधक डांबराच्या दोन घमेल्यांत बनतात. उंची तीच किंवा जास्त, रुंदी हातभर. तो पूर्ण दोन्ही चाकांच्या मध्ये मावतो. मग १७ मधून १० गेले, गाडी भरलेली असताना स्प्रिंग चार सेंमी बसली, हातात राहिले ३. खड्ड्यातून उसळी आली की तेही गेले.

त्यात या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४०० मिमी आणि दरवाजा जवळपास मध्यावर. म्हणजे पायरी नेमकी तिथे लटकते जिथे उंचवटा सर्वांत आधी लागतो. सोसायटीच्या उतारावरून रस्त्यावर येताना पोट न घासता किती कोनाचा उंचवटा पार होतो, ते मोजतात: १७ सेंमी मोकळी असेल तर १६ अंश, २५ असेल तर साडेतेवीस. जुन्या इमारतींच्या गेटवरचे उतार १६ अंशांत बसतीलच असं नाही.

कायमची पायरी मुंबईत नको. घडीची किंवा सुटी.

कडक_चहा

फुटपाथचंही धरा. कर्ब १५ सेंमीचा असेल तर २१ वरची, ४ सेंमी जाडीची पायरी त्यावर दोन सेंमीने तरते, आणि माणसं बसताना गाडी डावीकडे झुकली की टेकते. टेकली तर सगळं वजन उलटं आउटरिगरवर. म्हणून फुटपाथला चिकटून उभी करायची असेल तर पायरी उघडूच नका, फुटपाथ हीच पायरी. नाहीतर अर्धा मीटर लांब उभी करा.

सुईदोरा

लोखंडावर इतकं बोललात, चढणाऱ्यावर कोणी बोललं नाही. गुडघ्याच्या माणसाला पायरीपेक्षा धरायला दांडी जास्त लागते. पायरी असून दांडी नसेल तर तो दरवाजा धरतो, आणि सरकता दरवाजा कडीत पूर्ण बसलेला नसेल तर हातासरशी सरकतो.

दांड्या दोन हव्यात. एक उभी, चौकटीच्या पुढच्या कडेला, पुढच्या सीटमागच्या आडोशावर, कंबरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीची. दुसरी मागच्या बाजूला सीटच्या फ्रेमवर. कारण फिजिओथेरपीत शिकवतात ते असं की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. तेव्हा चढताना एक हात पुढे असतो, उतरताना दुसरा. दांडीचा व्यास ३० ते ३५ मिमी, भिंतीपासून निदान ४० मिमी सुटी, म्हणजे बोटं पुरती वळतात. गुळगुळीत क्रोमची नको, घामाच्या हातातून सुटते. वर रबर किंवा सायकलच्या हँडलची टेप.

पायरीची लांबी ६० सेंमी असू द्या, म्हणजे दोन्ही पाय शेजारी ठेवून क्षणभर थांबता येतं. खोली किमान २२. बोल्टची डोकी वर येऊ देऊ नका आणि प्लेटच्या पुढच्या कडा खाली वळवा. नऊवारी असो की पाचवारी, काठ अडकतो तो नेमका तिथेच. जाळीची पायरी घ्यायची तर भोकं लहान, पुढे उंच टाचेची चप्पल जाईल इतकी मोठी नाहीत. पुढच्या कडेला पिवळी किंवा पांढरी दोन बोटं रुंद पट्टी रंगवा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना काळ्या रस्त्यावर काळी पायरी दिसत नाही.

मशीनशॉप_ठाणे

ताईंचं शंभर टक्के बरोबर. दांडीसाठी फक्त एक सांगतो: रिव्हनट (पत्र्यात रिव्हेटसारखा दाबून बसवायचा नट) नको. एक मिमी पत्र्यातला एम६ रिव्हनट जोराच्या झटक्याला गोल फिरतो किंवा भोकासकट बाहेर येतो. माणूस पडताना दांडीला पूर्ण लटकतो. आडोशाच्या वरच्या कडेची जुनी भोकं असतील तर ती वापरा, मागे ३ मिमीची प्लेट घाला, आरपार एम८.

माहीमकर_७१

सगळ्यांचे आभार. आधी सुटी पायरी आणि दोन दांड्या, हे पक्कं. घडीच्या पायरीबद्दल पुढे जाऊ का? बिजागरी कशी असावी यात गोंधळ आहे.

नटबोल्ट

आडव्या पिनवरची. पायरी दरवाजाखालून बाहेर आणि खाली फिरते, उघडल्यावर एका ठोकळ्यावर टेकते. पिन १२ मिमी, ईएन८ (मध्यम कार्बनच्या पोलादाची) ची, पितळी बुश, ग्रीसचं निप्पल. बंद असताना स्प्रिंगचा खिळा भोकात बसतो. नागदेवी स्ट्रीटला हे सगळं सुटं मिळतं. चौकोनी पाइप आणि प्लेटांसाठी दारूखान्याला जा, कापूनही देतात.

गल्लीतला_गतिरोधक

इथे मतभेद. बंद पायरी वर उचललेली असते, म्हणजे खिळा सुटला की ती स्वतःच्या वजनाने उघडते. चालत्या गाडीतून डाव्या बाजूला ६० सेंमीची लोखंडी कड बाहेर, आणि तिथून स्कूटर जाणार. हा धोका पत्करायचा नाही.

उभ्या पिनवरची करा. पायरी सपाटच राहते, फक्त दाराच्या मागच्या टोकाजवळच्या पिनभोवती फिरून मागे गाडीखाली जाते. खिळा सुटला आणि पायरी बाहेर आली, तरी पुढून काही लागलं की ती मागे वळते.

मशीनशॉप_ठाणे

सुरक्षेला उभी पिन चांगली, पण सगळा ५०० न्यूटन-मीटरचा जोर एकाच पिनवर येतो. १२ मिमीची पिन विसरा. २५ मिमीचा शाफ्ट, वर-खाली दोन बुश आणि त्यांच्यात निदान १०० मिमी अंतर. त्या अंतराला बुशवर ५००० न्यूटन पडतात, पितळेला सोसेल. पण १०० मिमी उंचीचा तो डबा गाडीखाली लटकला की गतिरोधकाचं गणित पुन्हा सुरू. पाण्यात बुशमध्ये वाळू जाते ती वेगळी.

माझं मत: आडवी पिन, आणि कुलूप दोन. स्प्रिंगचा खिळा, त्याशिवाय हाताने घालायची आर-क्लिप (आर अक्षराच्या आकाराची तारेची पिन), लाल रिबिनीसकट. आणि एक साधा स्विच, पायरी पूर्ण बंद नसेल तर डॅशबोर्डवर लाल दिवा. या गाडीत १२ व्होल्ट आहे, लोहार चाळीतून दिवा, वायर आणि २ अॅम्पियरचा फ्यूज घ्या. स्विच वॉटरप्रूफ घ्या, दारात लावायचा साधा नाही.

पार्सल_पार्लर

विजेवर चालणारी पायरी मिळते ना आता, कॅम्परव्हॅनसाठी? बटण दाबलं की बाहेर.

नटबोल्ट

मिळते. मोटर आणि गिअर सिलच्या खाली, म्हणजे मुंबईत जुलैमध्ये नेमके पाण्यात. रस्त्यात अडकली तर हाताने आत ढकलायची सोय बहुतेकांत खाली वाकूनच असते. त्यात तिचे ब्रॅकेट सपाट चॅसीच्या गाड्यांसाठी असतात, इथे सगळे नव्याने करावे लागतील. जुन्या डायनामोवर आणखी भार कशाला?

रंगारी

गंजाचं. तीन पर्याय चालतात.

हॉट डिप गॅल्व्हनायझिंग सगळ्यात टिकाऊ. वेल्डिंग, ड्रिल, सगळं झाल्यावर शेवटी. पाइपची दोन्ही टोकं बंद करून कधीही देऊ नका. ४५० अंशांच्या जस्तात आतली हवा आणि ओल फुगते आणि पाइप फुटतो. प्रत्येक पोकळीला दोन भोकं, कोपऱ्यांत, समोरासमोर. तीच पुढे पाणी निघायला कामाला येतात. जस्तावर नेहमीचा रंग सरळ धरत नाही, आधी त्याचा प्रायमर.

पावडर कोटिंग दिसतं देखणं. खडी लागून एक टवका उडाला की त्याच्या कडेने गंज आत सरकतो आणि वरचं कातडं तसंच राहतं, म्हणून कळत नाही. घ्यायचंच तर खाली झिंक प्रायमर सांगा.

रेड ऑक्साइड आणि वर इनॅमल: स्वस्त, पण दरवर्षी एप्रिल-मे मध्ये हात मारावा लागतो.

प्लेट अॅल्युमिनियमची ३ मिमी चेकर घ्या. ६० बाय २२ चा तुकडा एक किलोपेक्षा थोडा जास्त भरतो, लोखंडी तीन किलोंच्या वर. अॅल्युमिनियम आणि लोखंड खाऱ्या ओलीत एकमेकांना लागले की अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. दोघांच्या मध्ये नायलॉनची पट्टी, बोल्टला नायलॉनचे वॉशर. स्टेनलेस बोल्ट असतील तर आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा, नाहीतर ते जाम होतात आणि उतरवताना कापावे लागतात. घसरू नये म्हणून चिकटवायची काळी टेप लावतात, ती पहिल्या पावसात कडेने उठते. चेकरचे उंचवटे पुरेसे.

मालडब्बा

अवांतर, पण जवळचंच. आमची बजाज टेम्पो मेटॅडोर आहे, मागच्या दारातून चढायचंय. तिथेही हेच?

नटबोल्ट

मेटॅडोर फ्रंट व्हील ड्राइव्ह, मागे प्रॉपेलर शाफ्ट नाही, म्हणून मागच्या फरशीखाली जागा मोकळी मिळते. मागची पायरी चॅसीच्या टोकांना लावा, बंपरला नाही. फक्त चाकामागे जितकं लांब लटकेल तितकं उतारावरून वर येताना घासेल, म्हणून तीही घडीचीच. बाकी मापं खाली झोपून स्वतः घ्या, या गाड्यांच्या बॉड्या बाहेर बांधलेल्या असतात, दोन सारख्या सापडत नाहीत.

माहीमकर_७१

आराखडा असा ठरतोय. वाहक ५० बाय ५० बाय ३, दोन आउटरिगरवर १०० मिमी प्लेटांच्या पकडीने. दोन हात ४० बाय ४० बाय २.६. पायरी ६०० बाय २२०, अॅल्युमिनियम, खाली मधोमध एक आडवा आधार. आडवी पिन, खिळा अधिक आर-क्लिप, लाल दिवा. उघडल्यावर पाट २१ वर, मिटल्यावर सिलच्या खाली न येणारी. बसवल्यावर चाचणी कशी घ्यायची?

मशीनशॉप_ठाणे

माणूस चढवून नाही. सिमेंटच्या ५० किलोच्या चार गोण्या, बाहेरच्या कडेवर, एकेक करत. गाडी स्प्रिंगवर बसेल ते वेगळं, म्हणून माप रस्त्यापासून नाही घ्यायचं, सिलच्या कडेपासून पायरीच्या कडेपर्यंत घ्यायचं. गोण्या ठेवण्याआधी, ठेवल्यावर, आणि काढल्यावर. काढल्यावर दोन मिमीहून जास्त फरक राहिला तर कुठेतरी पत्रा चेपलाय; पकडीच्या प्लेटा उघडून बघा. मग दोन गोण्या एका टोकाला ठेवून तेच पुन्हा.

हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून, आणि गोण्या रचताना पाय पायरीखाली न ठेवता.

सुईदोरा

एक राहिलं. २१ सेंमी रिकाम्या गाडीचं माप आहे. सामान आणि चार माणसं आधीच आत असतील तर पायरी १७-१८ वर येते आणि वरची चढण तेवढीच, २१ ची राहते. त्यामुळे गुडघ्याच्या माणसाला सगळ्यात आधी बसवू नका. इतरांना बसू द्या, मग त्यांना चढवा. जमिनीवरून उचलायचा पहिला पाय हलका होतो. उतरताना उलट, त्यांना आधी.

नटबोल्ट

आणि पाट २१ वर पक्का करू नका. हातांच्या मुळाशी भोकांऐवजी उभे खाचे ठेवा, २० मिमी वरखाली सरकवता येतील असे. टायर बदलले किंवा मागचे-पुढचे टॉर्शन बार (या गाडीत स्प्रिंगचं काम करणारे पिळाचे दांडे) बसले की उंची बदलते. खाच्यांवर दातेरी वॉशर घाला, नाहीतर सरकत खाली येईल.

माहीमकर_७१

खाचे ड्रॉइंगमध्ये घातले. रविवारी खाली झोपून आउटरिगर ठोकून बघतो आणि फोटो टाकतो. आवाज भद्द आला तर धाग्याचं नाव बदलून ‘पत्रा बदलणे’ करावं लागेल.